जाळी कुणाच्या हातात

सुकापूर, पनवेल
१२ ऑगस्ट

श्रीमती सुनीता आगाशे यांस,

तुमच्या घराची चावी माझ्याकडे आहे म्हणून हे पत्र. दुसरं कारण नाही. तुमचा नंबर मी फोनवर ब्लॉक केलेला आहे आणि तो तसाच राहील.

जाऊ दे, हे 'तुमच्या' मला पुढे रेटवत नाही. चौथीपासून एका बाकावर बसलोय.

तर तुझ्या फ्लॅटची हकीकत. हितेश गिऱ्हाईकं पाठवतो. त्याच्या भाषेत 'पार्टी'. कालची पार्टी पुण्याची होती, नवरा-बायको, दोघंही बँकेत. गॅलरीतून डोंगर दिसतो म्हणून खूश झाली. मी एवढंच म्हटलं की पावसाळ्यात तो डोंगर भिंतीतून आतही येतो. आणि बेडरूममधली ओल दाखवली. ओल खरी आहे, मी लावलेली नाही. बाईंनी विचारलं, "शेजार कसा आहे हो इथे?" मी म्हटलं, "शेजार म्हणजे मी." त्या चपला घालायला लागल्या.

तुझ्या लेकाला, निनादला सांग, मावशीने कुणाला घालवलं नाही. खोटं बोलायचं नाही हे सिस्टर ऑगस्टांनी पट्टीने शिकवलंय, ते अजून हातावर आहे.

चावी माझ्याकडे का ठेवून गेलीस हेच मला कळत नाही. हितेशकडे द्यायचीस. जिताडा दिलास, चावीही द्यायचीस.

हो, मी अजून तिथेच आहे. दीड वर्ष झालं तरी तिथेच राहणार. तू ऑस्ट्रेलियाला निनादकडे जायच्या आदल्या दिवशी खाडीच्या बांधावर, पाणी सोडायच्या उघाडीच्या दारांशी तुझ्या गळाला तो जिताडा लागला. तू ओरडलीस, "दमू, जाळी!" आणि मी माझा गळ गुंडाळून, साडी खोचून, चिखलात उतरून जाळी धरली. हाच आपला नियम होता. एकीला मासा लागला की दुसरीने सगळं टाकून जाळी धरायची. माझी एक चप्पल अजून त्या चिखलात आहे. आणि दुसरा नियम असा की मासा माझ्या घरी जायचा, कारण तू शाकाहारी. तू मटकीच्या उसळीवर मोठी झालेली बाई, गळाला जिवंत कोळंबी लावताना "सॉरी हं" म्हणणारी! एवढी वर्षं तू धरलंस आणि मी खाल्लं. माझा त्यात काही अपमान आहे असं मी कधी समजले नाही. समजले असेन, पण बोलले नाही.

आणि तो, सगळ्यांत मोठा, तू गोणपाटात गुंडाळून रिक्षाने हितेशला नेऊन दिलास. एका इस्टेट एजंटला!

जिताडा कुणाला देतात हे तुला मी बांधावर बसून किती वेळा सांगितलं होतं. जावई पहिल्यांदा घरी आला की त्याला. नाहीतर ज्या साहेबाच्या टेबलावर काम अडलंय त्याला. आमच्या रायगडात जिताडा नुसता खायचा मासा नाही, तो मान असतो. तुझ्या लेखी मासा म्हणजे मासा. फ्लॅट लवकर विकला जावा म्हणून दलालाला दिलास. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "अगं, तुला काय कमी आहेत मासे?"

त्यानंतर मी तुला विमानतळावर सोडायला आले नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही.

दमयंती नाखवा

ता. क. नळ मी महिन्यातून एकदा सोडून ठेवते, गंजू नयेत म्हणून. तुझ्यासाठी नाही. घर मरतं.


सुकापूर
७ सप्टेंबर

सुनीता,

गणपती झाले. गौरीला मी करंजा बंदरावर माझ्या भावाकडे, काशिरामदादाकडे गेले होते. नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात गेल्यात, बंदरावर मासळीमुळे चालायला जागा नाही. दादाने आल्या आल्या सुरुवात केली.

"काय गो दमे, अजून गलानं मासं धरतंस?"

"धरते."

"आमी नाखवे. आजा, पंजा, सगले जाल्यानं धरीत आले. तू कॉन्वेटात गेलीस नि गल घेऊन बसलीस. बरं बसलीस तं बसलीस, लागतंय कोनाला? त्या वरनभातवालीला! तुला नाय!"

सगळं घर हसलं. वहिनी तर पदर तोंडात कोंबून. तुझ्या नावाने मी करंज्यात अजून हसं करून घेते हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

खरंच, मला एकदा सांग, कसं काय? तीच कोळंबी, तोच तंगुसाचा दोरा, तीच जागा. भरती उतरायला लागली, उघाडीतून पाणी बाहेर धावू लागलं की मी डोळ्यांत तेल घालून बसायची. तू निनादच्या लहानपणच्या गोष्टी सांगत, थालीपीठ मोडत बसलेली. डबासुद्धा वाऱ्याच्या वरच्या बाजूला, आमिषाचा वास लागू नये म्हणून. आणि काठी वाकायची ती तुझी. माझ्या गळाला बोय, शिंगाळी, एकदा कुणाची तरी छत्री. जिताडा एकदाही नाही. मला मत्सर वाटत नाही. मला चीड येते. सिस्टर ऑगस्टांनी सांगितलेल्या सात पापांत मत्सर आहे, क्रोध आहे, चीड नाही.

आता दुसरी गोष्ट. शाळेच्या ग्रुपवर तू टाकलेला फोटो मी पाहिला. ब्लॉक तुला केलंय, ग्रुपला नाही. ती बारामंडी म्हणजे आपला जिताडाच, हे मला कळत नाही असं समजू नकोस. तेच कुबड, तोच गुलाबी चमकणारा डोळा. मासा केवढा वगैरे मी काही पाहिलं नाही. होडीत तुझ्या बाजूला जी टोपीवाली गोरी बाई आहे, गळ्यात काळा चष्मा अडकवलेली, ती कोण? जाळी तिच्या हातात होती.

तेवढंच पाहिलं मी. जाळी तिच्या हातात होती.

फ्लॅटबद्दल: एक पार्टी आली होती, शाकाहारी कुटुंब, फार सोज्वळ. ती यायच्या वेळेला माझ्या घरात सुके बोंबील भाजणं चालू होतं. माणसाने दुपारी जेवू नये का? दार उघडं होतं, कारण उकडत होतं. ते जिन्यातूनच परत गेले.

दमयंती


सुकापूर
५ ऑक्टोबर

सुनीता,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, शाळेत बाकाखालून चिठ्ठी सरकवायचीस त्यातला प्रकार. 'तिचं नाव ग्लेंडा. नर्स होती, आता रिटायर्ड. छान बाई आहे, तुला आवडेल. माझ्या दगडावर कोण बसतं गं?'

मला का आवडेल? मी तिला आवडून घ्यायला रिकामी आहे का? आणि "छान बाई" हे शब्द तू जपून वापरत होतीस. मला कधी म्हटल्याचं आठवत नाही.

तुझ्या दगडावर कोणी बसत नाही. एक जण बसला होता, नवीन पनवेलचा, महागडं रीळ, खिशाखिशांचं जाकीट. मी म्हटलं, "ही जागा घेतलेली आहे." तो म्हणाला, "आजी, इथे तर कोणीच नाही." मी म्हटलं, "येतील." तो संध्याकाळपर्यंत वाट बघत दुसऱ्या दगडावर बसला. बिचारा अधूनमधून रस्त्याकडे बघायचा. शेवटी मलाच रस्त्याकडे बघावंसं वाटायला लागलं, तेव्हा मी घरी आले.

बांध आहे तसा आहे. पलीकडे विमानतळाची धूळ उडते, पण खाडीला त्याचं काही नाही. पाणी चढतं, उतरतं. उधाणाला अगदी बांधाच्या कडेपर्यंत येतं. भांगाच्या दिवसांत भरती नावालाच, पाणी मेल्यासारखं पडून राहतं, तेव्हा मी जात नाही, बाजार करते, दाताच्या डॉक्टरकडे जाते. काल पहाटे गेले तर बगळे उघाडीच्या भिंतीवर ओळीने उभे, रेशनच्या रांगेत असल्यासारखे. चहा थर्मासमधून ओतला, वाफ चेहऱ्यावर घेतली. तंगूस बोटावर धरून बसलं की पाण्याखाली काय चाललंय ते बोटाला कळतं. खेकडा चाळा करतो ते वेगळं, बोयची शेपटी घासते ते वेगळं. नोकरीत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसायचे तेव्हा अशीच दूरची खरखर ऐकायचे. सुख होतं, सुनीता. मी ते नाकारत नाही. फक्त ते मोठ्याने कुणाला सांगायचं, हा प्रश्न होता. बगळ्यांना सांगितलं.

आणि एक. मला जाळी लागते. चुकून जिताडा लागलाच तर. जाकीटवाल्याने स्वतः होऊन विचारलं, "आजी, लागला तर मी धरू का जाळी?" मी नाही म्हटलं. मी काही तुझ्यासारखी नाही, दिसेल त्याच्या हातात जाळी द्यायला.

निनादचा फोन आला होता. "मावशी, नेमकं काय होतंय? येतात, बघतात आणि जातात." मी म्हटलं, "बाबा रे, तुझ्या आईचं घर विकलं जावं की न जावं, मला काही सोयरसुतक नाही. तिला तिथेच ठेव. तिला तिथे फार छान बायका मिळाल्यात." 

दमयंती


सुकापूर
२४ ऑक्टोबर

सुनीता,

दिवाळी झाली. तुझ्या दारात पणती लावली होती. बंद दार अंधारात बरं दिसत नाही, जिन्यात लोक अडखळतात.

आता नीट वाच. एक पार्टी आली आहे आणि ती जात नाही.

बाईंचं नाव आभा सबनीस. दादरहून येतायत, एकट्या, आपल्याच वयाच्या. मी ओल दाखवली. "ओल काय हो, काढता येते." पाण्याच्या टँकरचं सांगितलं. "दादरला तरी कुठे धो धो होतं?" मी दार उघडं टाकून बोंबील भाजले, तर बाई सरळ माझ्या स्वयंपाकघरात आल्या. "किती दिवसांनी हा वास! एक देता का?" दिला. काय करणार? पोळीबरोबर खाल्ला. मग गॅलरीत माझी काठी दिसली, तर म्हणाल्या, "अय्या, तुम्ही गळाने मासे धरता? मला न्याल? मी काही त्रास देणार नाही, नुसती बाजूला बसेन."

नुसती बाजूला बसेन!

सगळे असंच म्हणतात. तूही पहिल्या दिवशी नुसती बाजूला बसायला आली होतीस.

बाई वाईट नाहीत. तोच तर त्रास आहे. वाईट असत्या तर मी पुरून उरले असते. हितेश म्हणाला, "मॅडम, पार्टी सिरियस हाय. त्रिपुरी पौर्णिमा झाली की टोकन देतील." म्हणजे तुझं घर त्यांचं. समोरचं दार उघडलं की त्या. दगड त्यांचा. आणि तू कायमची तिकडे, त्या ग्लेंडाच्या होडीत. घर गेलं की माणूस कशाला येतो? फार तर लग्नाकार्याला, हॉटेलात उतरून, दोन दिवस.

मला काही फरक पडत नाही. कळवायचं काम माझं, म्हणून कळवलं. तुला थांबवायचं असेल तर निनादला तोंड उघडून सांग. तू कधी सांगणार नाहीस म्हणा. शाळेतही गणिताच्या बाईंना "येत नाही" म्हणायच्याऐवजी पोट दुखतं म्हणायचीस.

दमयंती


सुकापूर
७ नोव्हेंबर

सुने,

हे पत्र निनादच्या हाती पडलं तरी हरकत नाही, त्याला माझं अक्षर लागत नाही.

मला जिताडा लागला.

काल, उधाणाची भरती उतरत असताना. बांधावर मी एकटी. कोळंबी लावली, "सॉरी" म्हटलं. सवय लागली आहे तुझ्यामुळे. पाणी उघाडीतून धावायला लागलं आणि बोटावर काहीतरी आलं. ओढ नाही, नुसतं थांबणं. कुणी तरी दारात येऊन उभं राहतं, बेल वाजवत नाही, तसं. मग काठी जी वाकली! रीळ किंचाळायला लागलं. तो पाण्याबाहेर उडाला, सुने, पुरता बाहेर, तोंड वासून, कल्ले उभारून, डोकं झाडत. सोनं होतं अंगावर उन्हाचं. आणि मी जीव खाऊन ओरडले, "सुने, जाळी!"

बगळे उडाले. बाकी कोणी हललं नाही.

जाळी तुझ्या दगडाला टेकून उभी होती. हात काठीवरून काढला असता तर मासा गेला असता, नाही काढला तर जाळी येत नव्हती. अशा वेळी माणूस रडतं म्हणतात. मी शिव्या दिल्या. तुला, ग्लेंडाला, निनादला, क्रमाने. आणि काठी उंच धरून बांधावरून चालायला लागले. पार म्हशी उतरतात त्या उतरणीपर्यंत. जिताडा पाण्यातून, मी वरून, एखाद्या हट्टी पोराला शाळेत नेतात तशी. दोनदा तो तंगूस कापायला दगडाकडे वळला, दोनदा वळवला. उतरणीशी तो दमला आणि मी बसले. चिखलातच बसले, फतकल मारून, आणि तो माझ्या मांडीवर आला.

एवढा जन्म गेला त्या माशाची वाट बघण्यात. मांडीवर घेऊन बसले आणि पहिला विचार काय आला? खाण्याचा नाही. काशिरामदादाला फोटो पाठवायचाही नाही. मनात आलं, आज सबनीसबाई टोकन देणार.

तशीच उठले. मासा गोणपाटात गुंडाळला, रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "आजी, शीट धुवायचे वेगले द्यावे लागतील." गेले हितेशच्या ऑफिसात.

"अरे मॅडम! हा काय अवतार?"

मी गोणपाट त्याच्या टेबलावर ठेवलं, काचेवर, त्याच्या लॅपटॉपच्या बाजूला. "हा घे. सुनीताचा फ्लॅट विकायचा नाही. सबनीसबाईंना सांग घरात भूत आहे. काय वाटेल ते सांग. निनादला सांग, भाव पडलाय."

त्याने गोणपाट उघडलं. जिताड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या चिखलाकडे. आणि हसायला लागला. मला वाटलं, आता हा मार खाणार.

"मॅडम, हा मी नाय घेऊ शकत."

"का? कमी पडतो?"

"नाय हो! पन एका कामाचे दोन जिताडे घेतले तर आई घरात नाय घेनार मला. या कामाचा मला कवाच मिळालाय."

सुने, मी खुर्चीत बसले. त्याच्या पांढऱ्या खुर्चीत, चिखलासकट.

मग त्याने सगळं सांगितलं. तो गोणपाट घेऊन तू त्याच्याकडे गेलीस तेव्हा काय म्हणालीस ते. निनादला तोंडावर 'नाही' म्हणवत नाही. घर विकायला लावलंय असं त्याला दिसू दे, पण विकू नकोस. नातू शाळेत जायला लागला की मी परत येणार आहे. चार पार्ट्या पाठव, निनाद विचारतो म्हणून. "नि चावी दमूकडंच राहू दे," असं म्हणालीस म्हणे, "ती कोनालाच घर आवडू देनार नाय."

"आणि मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

हितेशने गोणपाट पुन्हा गुंडाळलं. "ताई म्हनाल्या, दमूला खोटं बोलता येत नाय. निनादनं फोन केला की पहिल्या मिनटाला सांगून टाकेल. पन तिला राग खरा येतो. तो येऊ दे."

"आणि सबनीसबाई?"

"त्यांना मागच्या बिल्डिंगमधला दाखवला ना. सकाली टोकन पन दिलं. मला म्हनाल्या, मासेवाल्या बाई जवळच हायत ना, मग झालं."

म्हणजे दीड वर्ष मी तुझ्यावर जळत होते ते काय, तुझं काम करत होते! फुकट! जिताडा हितेशला आणि राबणूक मला! तुला जिताड्याचा अर्थ कळत नाही असं मी लिहिलं, ते मागे घेते. माझ्यापेक्षा जास्त कळला. त्याची चीड वेगळी. हितेशला माहीत, त्याच्या आईला माहीत, बहुधा त्याच्या मांजरालाही माहीत होतं की तू येणार आहेस. मला सोडून.

मासा घरी आणला. तुकडे केले. काशिरामदादाला फोटो पाठवला, त्याने उत्तर पाठवलं: 'बाजारातून आनला काय?' मग फोन केला, नाक ओढत होता, आणि म्हणाला, "बाबाला दावाला पायजे होता." डोक्याचं कालवण केलं, आमसूल घालून. एक वाटी सबनीसबाईंना नेऊन दिली. बाजूला बसायला नेईन म्हटलं त्यांना. तुझ्या दगडावर नाही, पलीकडच्या.

तुझा नंबर अनब्लॉक केलेला नाही. करीन.

आता एकच अडचण आहे. हितेशचा सकाळीच फोन आला, उद्या अकराला पार्टी येतेय, निनादनेच तिकडून कुणाची तरी ओळख काढून पाठवली आहे. आणि मला आता सगळं माहीत आहे. तू येणार हे माहीत असताना मी त्या दारात उभी राहून राग आणू कुठून? सकाळपासून आरशासमोर प्रयत्न करतेय, हसू येतंय. सिस्टर ऑगस्टांची पट्टी आठवली तरी हसू.

मग ग्रुप उघडून ग्लेंडाचा तो फोटो पुन्हा पाहिला. जाळी तिच्या हातात. कशी धरली आहे बघ, दांडा पार टोकाला, सगळं वजन मनगटावर. आणि तू तिच्याकडे बघून हसतेयस.

पुरेल. नातू शाळेत जाईपर्यंत पुरेल.

बोंबील आणून ठेवले आहेत.

दमू